आतल्या कडीचा अभ्यास

ज्या दुःखाचा रीतसर अभ्यास झालेला नाही, ते दुःख परस्पर कमी करून टाकणे हा गुन्हा नसला तरी उतावळेपणा नक्कीच आहे. पायात काटा मोडला तर अडाणी माणूस काटा काढून मोकळा होतो. सुशिक्षित माणूस आधी काट्याची लांबी, पायाची पूर्वपीठिका आणि दोघांचे परस्परसंबंध समजून घेतो. (तोवर काटा पिकून आपोआप बाहेर येतो आणि संशोधन यशस्वी होते.)

याच तत्त्वावर 'कारावासजन्य अपाय आकलन व न्यूनीकरण संशोधन भागीदारी, जबलपूर (गढा विभाग)' उभी आहे. हे नाव एका श्वासात घेता येत नाही. आमचे अध्यक्ष विष्णुपंत ते दोन श्वासांत घेतात, आणि मधल्या श्वासाच्या वेळी नाव संपले असे समजून लोक टाळ्या वाजवतात. प्रस्तुत लेखक या भागीदारीचा सचिव असल्याने टाळी कधी वाजवायची हे त्याला ठाऊक आहे.

भागीदारीचा उगम असा. दिल्लीच्या एका संस्थेने जाहीर केले की, तुरुंगवासाने माणसाचे काय नुकसान होते ते समजून घेऊन कमी करणाऱ्या स्थानिक भागीदाऱ्यांना मान्यता मिळेल, पितळी पाटी मिळेल आणि पाहणीला एक निरीक्षक येईल. विष्णुपंतांचे सारे आयुष्य संरक्षण कारखान्यात तोफगोळे मोजण्यात गेले. निवृत्तीनंतर मोजायला काही उरले नव्हते आणि अध्यक्ष व्हायलाही काही उरले नव्हते. त्यांनी पाटीची बातमी वाचली आणि त्यांच्या मनात कैद्यांविषयी खोल करुणा उत्पन्न झाली.

भागीदार मिळायला वेळ लागला नाही. गढ्यातले आमचे सिद्धिविलास मित्रमंडळ सभागृहासकट भागीदार झाले. एका महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवणाऱ्या गीतांजलीबाई शास्त्र घेऊन आल्या. रत्नाकरराव रेल्वेतून निवृत्त. इटारसीच्या प्रतीक्षालयाचा त्यांना प्रदीर्घ अनुभव. (तो कारावासात धरावा काय, यावर पहिली बैठक झाली. अंशतः धरावा असे ठरले.) खुद्द तुरुंगालाही भागीदार करून घेण्याचा ठराव एकमताने संमत झाला. तुरुंगाला तेवढे कळवायचे राहिले.

अडचण एकच होती. नियमाप्रमाणे एक भागीदार प्रत्यक्ष तुरुंगवास भोगलेला हवा. त्याला 'अनुभवसिद्ध भागीदार' म्हणतात. आता जबलपूरच्या मराठी माणसाची परंपरा सर्वश्रुत आहे. मराठ्यांच्या चाकरीत आमचे पूर्वज इथे आले, नर्मदेचे पाणी प्याले आणि मास्तर झाले, हेडक्लार्क झाले, गार्ड झाले, फोरमन झाले. गुन्ह्यापायी तुरुंगात कोणी गेले नाही. दर गणेशोत्सवात ही गोष्ट आम्ही माइकवरून सांगत आलो. आता त्याच गोष्टीने मान खाली घालायची वेळ आणली.

"इतकी वर्षं या शहरात राहून राहिलो आपण," विष्णुपंत बैठकीत कडाडले, "अन् एक माणूस निघत नाही? शरमेची गोष्ट आहे!"

एका सभासदाने स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेलेले आपले पणजोबा देऊ केले. ते नाकारावे लागले. एक तर ते हयात नव्हते, आणि दुसरे म्हणजे तुरुंगातून सुटतानाच्या फोटोत ते हसत होते, म्हणजे त्यांना अपाय झाल्याचे सिद्ध होत नव्हते.

मग धनेश आठवला. आठवला म्हणजे कोणी विसरले होते असे नाही. फक्त कोणी नाव काढत नव्हते.

धनेश आमच्या मंडळाचा माइकवाला. आरतीत त्याचा स्वतःचा आवाज कोणी ऐकला नाही, पण बाकी सगळ्यांचे आवाज ऐकू गेले ते त्याच्यामुळे. एके दिवशी एका अनोळखी माणसाने त्याच्याकडे बिघडलेला भोंगा दुरुस्तीला टाकला. धनेशने तो इतका सुरेख दुरुस्त केला की दोन गल्ल्या पलीकडे मूळ मालकाने आपला चोरीला गेलेला भोंगा आवाजावरून ओळखला. भोंगा देणारा माणूस पुन्हा दिसला नाही. धनेश वर्षभर आत राहिला, आणि मग कोर्टाने सांगितले की याने काही केलेले नाही, घरी जाऊ द्या. (मधल्या काळात त्याला जामीनदार हवा होता. आम्ही सर्वजण त्या दिवशी गावाला गेलो होतो. गाव एकच होते की प्रत्येकाचे वेगळे, याचा अभ्यास झालेला नाही.)

घरी जाऊ द्या, असे कोर्ट म्हणाले. पण घर राहिले नव्हते. भाड्याची खोली घरमालकाने काढून घेतली आणि तिथे कूलर ठेवला. धनेशची बायको सुखदा मझौलीला भावाच्या घरी गेली होती. धनेश तिलवाऱ्याला पुलाजवळ एका दोस्ताच्या चहाच्या टपरीत बाकावर झोपत होता. पहाटे नर्मदेवरून धुके उठते, ते आधी त्याच्या पांघरुणात शिरते आणि मग शहराकडे जाते.

त्याला सन्मानपूर्वक बोलावून घेतले. त्या पहिल्या मुलाखतीचे शास्त्रीय मोल फार मोठे असल्याने ती जशीच्या तशी देतो.

"काय धनेश, कसं वाटते?" विष्णुपंतांनी विचारले.

"बरं आहे जी."

"आत्ता नाही रे. तिकडं कसं वाटत होतं?"

धनेशने सभागृहाच्या दाराकडे पाहिले. "दाराची कडी बाहेरून होती," तो म्हणाला.

"अच्छा. अन्?"

"अन् काही नाही. तेच."

गीतांजलीबाईंनी लिहून घेतले. पेन थांबले तसा धनेश जरा पुढे सरकला. "काका, एक खोली पाहून राहिलो होतो मी. लहान चालते. नळ बाहेर असला तरी चालते. फक्त कडी आतून पाहिजे. सुखदा म्हणते, खोली झाली की त्या दिवशीच्या बसनं येते."

आणि त्याने मोबाइल काढून सुखदाचा आवाज ऐकवला. मझौलीहून तिने निरोप धाडला होता. निरोप बोलून धाडायचा, की गाऊन, हे तिच्या माहेरी कधी वेगळे मानत नसत.

खोली घ्यावी हो धनी, मापानं पायलीभर
आतून लागो कडी, मग उजेड घरभर

सभागृहातला पंखा तेवढा वेळ कुरकुरायचा थांबला. रत्नाकररावांनी चष्मा पुसला. प्रस्तुत लेखकाचे बालपण जात्याच्या घरघरीत गेले आहे. त्याला काहीतरी म्हणावेसे वाटले. परंतु ओवी हा पुरावा की अलंकार, हा प्रश्न आधी सोडवणे भाग होते. ('गुणात्मक पुरावा, अंशतः' असे ठरले.)

विष्णुपंतांचे मन तर लोण्याचे. ते तिथल्या तिथे म्हणाले, "अरे, खोलीच ना? देऊन टाकू! आपल्या गढ्यात काय खोल्यांचा दुष्काळ आहे?"

शास्त्र कामाला येते ते अशा नाजूक क्षणी. गीतांजलीबाईंनी हात वर केला. "थांबा सर. आत्ताच खोली दिली तर आधाररेषा बिघडेल."

आधाररेषा म्हणजे काय, हे सर्वांना समजावे म्हणून त्यांनी सोपे करून सांगितले. अपाय किती आहे हे मोजण्याआधी तो कमी केला, तर किती कमी झाला हे कसे कळणार? भागीदारीच्या नावातसुद्धा आधी 'आकलन' आहे आणि नंतर 'न्यूनीकरण'. धनेश आज टपरीत झोपतो, ही संशोधनाच्या दृष्टीने अत्यंत स्वच्छ स्थिती आहे. तिच्यात ढवळाढवळ नको.

"तुम्हाला समजून राहिलं ना धनेशभैया?" त्यांनी मायेने विचारले. "हे तुमच्यासारख्या पुढच्या हजारो लोकांसाठी आहे."

"हो दीदी," धनेश म्हणाला. "पुढच्या लोकांना मिळेल ना खोली?"

"शिफारस करू," गीतांजलीबाई म्हणाल्या.

खोली देता आली नाही तरी सन्मानात आम्ही कसूर ठेवली नाही. आमच्या समाजात माणसाविषयी काही वाटले की त्याला शाल आणि श्रीफळ देतात. फार वाटले तर पुन्हा देतात. उद्घाटनाला धनेशचा सत्कार झाला. मग महिला शाखेने केला. रत्नाकररावांच्या पेन्शनर मित्रांनी केला. तुरुंगवासाचा अनुभव असलेला मराठी माणूस आपल्यातही आहे, ही बातमी पसरल्यावर शहरातल्या इतर मंडळांना असूया वाटली आणि त्यांनीही केला. प्रत्येक सत्कारात वक्ते सांगत की, समाजाने अशा माणसाला जवळ केले पाहिजे, त्याच्यासाठी दारे उघडली पाहिजेत. टाळ्या होत. मग माइक बंद करून, वायर गुंडाळून धनेश तिलवाऱ्याला परत जाई. (माइक तोच लावत असे. सत्कारमूर्तीने माइक लावू नये असा नियम नाही.)

त्या थंडीत तिलवाऱ्याच्या पुलाजवळ एवढ्या शाली पांघरून झोपलेला दुसरा माणूस नव्हता. नारळांचे काय करायचे हा प्रश्न त्याने विचारला, तेव्हा आम्ही म्हणालो, ठेव घरी. म्हटल्यावर आमच्या लक्षात आले. पण शब्द तोंडातून गेला होता.

दरम्यान समाजाची नस ओळखण्यासाठी गढ्यातल्या मराठी घरांची पाहणी करण्यात आली. निष्कर्ष अतिशय उत्साहवर्धक आहेत. सुटून आलेल्या माणसाविषयी सहानुभूती आहे, असे म्हणणारी घरे : सर्व. घरात एखादी खोली रिकामी आहे, असे म्हणणारी घरे : निम्म्याहून अधिक. सहानुभूतीही आहे आणि खोलीही रिकामी आहे, अशी घरे किती, हे सांगता येत नाही, कारण दोन प्रश्न वेगवेगळ्या पानांवर होते.

रिकाम्या खोल्यांची कारणमीमांसा मात्र तपशीलवार झाली. विष्णुपंतांची वरची खोली नातू वेदांगची आहे. तो पुण्याला शिकतो, पण दिवाळीत आला तर? (गेल्या दिवाळीत आला नाही. म्हणूनच या दिवाळीत येण्याची शक्यता वाढली आहे.) रत्नाकररावांच्या मागच्या खोलीत रेल्वेची जुनी वेळापत्रके आहेत आणि त्यांना ओल सोसत नाही. गीतांजलीबाईंची खोली वास्तुदोषामुळे कोणाला देता येत नाही. दिली तर भाडेकरूचेच नुकसान व्हायचे. प्रस्तुत लेखकाच्या माडीवर लोणच्याच्या बरण्या आहेत. आणि बहुतांश खोल्यांत कूलर आहेत. जबलपूरचा उन्हाळा ज्याने सोसला आहे, त्याला कूलरची योग्यता सांगायला नको. चार महिने तो घाम गाळतो आणि आठ महिने स्वतंत्र खोलीत विश्रांती घेतो. त्याला चादर घालतात. त्याचे पूर्ववृत्त कोणी विचारत नाही, जामीनदार मागत नाही, आणि बायको कुठे असते असेही कोणी म्हणत नाही.

शिमगा झाला आणि दिल्लीहून पत्र आले. निरीक्षक येणार, अनुभवसिद्ध भागीदार कायम पत्त्यावर उपलब्ध असावा. टपरी हा कायम पत्ता नव्हे. म्हणून नाइलाजाने, आधाररेषेला कमीत कमी धक्का लावून, धनेशला मंडळाच्या सभागृहामागची खोली देण्यात आली. तिथे गणपतीची आरास ठेवतात. थर्माकोलचे मोठे मंदिर, पुठ्ठ्याचा हिमालय आणि बिजागरीवर मान हलवणारा उंदीर यांच्यामध्ये एक खाट बरोबर बसली.

धनेशने आनंदाने खोलीभर नजर फिरवली आणि दाराकडे पाहिले. दाराला कडी होती. बाहेरून.

"यात कोणाची चूक नाही," विष्णुपंत म्हणाले. "आरास आतून कडी लावत नाही ना रे."

"मी लावून घेतो जी आतून एक. दोन स्क्रूचं काम आहे."

परंतु खोली विश्वस्तांची. तिला भोक पाडायचे तर सर्वसाधारण सभा हवी, आणि सर्वसाधारण सभा वर्षातून एकदा, अनंत चतुर्दशीनंतर. शिवाय अभ्यास चालू असताना दारात बदल करणे म्हणजे मोजत असताना फूटपट्टी बदलणे. धनेशने स्क्रू परत खिशात टाकले.

यानंतर जी व्यवस्था लावली गेली, तिच्यातली प्रत्येक गोष्ट त्याच्या भल्यासाठी होती, हे आवर्जून नमूद करतो. त्याचे खासगीपण जपावे म्हणून नाव घेणे बंद करून त्याला 'सहभागी अ-एक' म्हणू लागलो. निरीक्षक केव्हाही येतील म्हणून तो जागेवर आहे ना, हे विष्णुपंत सकाळ-संध्याकाळ स्वतः येऊन पाहत. गीतांजलीबाईंच्या विद्यार्थ्यांनी त्याला वेळी-अवेळी त्रास देऊ नये म्हणून भेटीची वेळ चार ते पाच ठरली. बाहेर जायचे तर आधी कळवावे; न कळवता गेला तर विदा तुटतो, म्हणजे माहितीत खंड पडतो. आणि आत शाली, नारळ, माइकचा संच असल्याने रात्री बाहेरून कडी घालणे ओघानेच आले. जेवणाचा डबा मात्र घरोघरच्या पाळीने. त्यात महिलांची अशी चढाओढ लागली की, तिकडे पातळ डाळ मिळायची आणि इकडे श्रीखंड, यावरून संस्थेची प्रगती कोणालाही मोजता यावी.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला प्रश्नावली भरून घेतली. प्रश्न होता : 'आपण कोंडलेले आहोत, असे तुम्हाला आजही वाटते का?' उत्तरे : कधीच नाही, कधी कधी, नेहमी. सहभागी अ-एकने 'नेहमी'वर खूण केली, आणि पेन इतके दाबले की कागदाला भोक पडले.

त्या दिवशी सभागृहात पेढे वाटले. तुरुंगातून सुटून इतके महिने झाले, उत्तम खोली आहे, डबा आहे, देखरेख आहे, तरी माणसाला कोंडल्यासारखे वाटते! तुरुंगवासाचा अपाय किती खोल असतो याचा एवढा निर्विवाद पुरावा देशात कोणाकडे नव्हता. गीतांजलीबाईंचे डोळे पाणावले. पेढा अ-एकलाही दिला. चार ते पाचमध्ये.

निरीक्षक यायच्या दिवशी 'मुक्ततेकडे : भागीदारीची वाटचाल' अशी परिषद ठेवली होती. सभागृहात खुर्च्या, फाटकात रांगोळी, मंचावर एक नवी शाल. सोनचाफा गळून फाटकाजवळ सडा पडला होता. तेवढ्यात मझौलीच्या बसमधून उतरून, डोक्यावर पत्र्याची पेटी घेऊन सुखदा आली. धनेशने तिला फोनवर सांगितले होते की, खोली तर झाली. पुढचे त्याने सांगितले नव्हते.

फाटकात विष्णुपंत उभे. "कोण पाहिजे?"

"नवरा पाहिजे," सुखदा म्हणाली.

"अगं, सुखदा तू! ये ये. पण बेटा, भेट चार ते पाच. आत्ता तर अकरा वाजून राहिले."

सुखदाने पेटी खाली ठेवली. "काहून हो काका? नवऱ्याला भेटायला टाइम लागते?"

"तसं नाही. शास्त्रीय गोष्ट आहे. अ-एकला आज निरीक्षक पाहणार आहेत, मग तू—"

"अ-एक कोण जी?"

"धनेश."

"अच्छा," सुखदा म्हणाली. "तिकडं नंबर तरी मोठा होता."

गीतांजलीबाई धावत आल्या आणि त्यांनी आधाररेषा समजावायला सुरुवात केली. सुखदाने ती शांतपणे ऐकून घेतली. "दीदी," तिने मध्येच विचारले, "तिकडं मी भेटायला जायची तर जाळी होती मधे. तुमच्याकडं रांगोळी आहे. एवढाच फरक आहे, का अजून काही लिहून राहिले तुम्ही?"

"अपाय समजून घेऊन राहिलोय आम्ही," विष्णुपंत दुखावले जाऊन म्हणाले.

"समजला का?"

"अंशतः."

"मग राहू द्या बाकीचा," असे म्हणून तिने पेटी उचलली, रांगोळीवरून अलगद उडी मारली, सभागृहाला वळसा घातला आणि मागच्या दाराची कडी काढली. आपण जी कडी लावायला एवढे ठराव केले, ती काढायला एक बोट लागते, हे आमच्यातल्या अनेकांनी त्या दिवशी प्रथमच पाहिले. ती आत गेली. दार ओढून घेतले. आणि आम्ही निर्धास्त होतो, कारण आतून कडी नव्हती.

आतून कुजबुज ऐकू आली. मग कापड ओढल्याचा आवाज. मग एक हुंदका, तो कोणाचा ते कळले नाही. मग हसू, ते दोघांचे. पुठ्ठ्याचा हिमालय पडल्याचा आवाज. नंतर रत्नाकररावांनी दार बाहेर ओढून पाहिले. ते बोटभर उघडले आणि थांबले.

त्या बोटभर फटीतून दिसले ते असे : महिला शाखेची शाल, पेन्शनरांची शाल, उद्घाटनाची शाल, राइट टाउनच्या मंडळाची, मदनमहालच्या मंडळाची, साऱ्या शाली एकमेकींना गाठी मारून, दाराच्या मुठीपासून खिडकीच्या गजापर्यंत ताणून बांधल्या होत्या. गाठी वायरमनच्या हातच्या. सुटणे नव्हते.

"धनेश, दार उघड!" विष्णुपंत म्हणाले.

"आत्ता नाही काका," आतून आवाज आला. "आतून कडी लागलीय." एवढ्या महिन्यांत त्याच्या आवाजाला माइकशिवाय इतकी धार आलेली कोणी ऐकली नव्हती.

"निरीक्षक येऊन राहिले रे!"

"चार ते पाच," सुखदा म्हणाली.

मग आत नारळ फुटला. एकामागून एक फुटत राहिले. आणि खोबरे चावताना मधूनच ती गायली. मोठ्याने नाही, दळताना शेजारच्या बाईला ऐकू जावे, एवढेच.

बाहेरच्या कडीला गं, हात साऱ्या दुनियेचा
आतल्या कडीला बाई, हात माझ्या धनियाचा

निरीक्षक आल्या तेव्हा संपूर्ण परिषद सभागृहाच्या मागच्या बाजूला, एका बंद दारासमोर, उन्हात, शाल हातात घेऊन ताटकळत उभी होती. त्यांना परतीची गाडी गाठायची होती. त्यांनी विचारले, "जेल से छूटे हुए भागीदार कहाँ हैं?" आम्ही दाराकडे बोट दाखवले. त्यांनी दाराचा फोटो काढला, "बहुत बढ़िया" म्हणाल्या आणि गेल्या.

पितळी पाटी यथावकाश टपालाने आली.

परिषदेच्याच संध्याकाळी तातडीची बैठक झाली. चार वाजता दार उघडले होते आणि दोघे शिस्तीत येऊन बसले होते. अपाय पुरता समजण्याआधीच सहभागीने तो परस्पर कमी करून घेतला, याबद्दल गीतांजलीबाईंनी खेद नोंदवला. खोली रिकामी करून घ्यावी, असे विष्णुपंतांच्या ओठांवर आले होते. तेवढ्यात सुखदाने अत्यंत विनयाने विचारले, "काका, अभ्यास पूर्ण होईपर्यंत तर राहू ना आम्ही इथं?"

"अर्थात!" विष्णुपंत म्हणाले. अभ्यासाचा शब्द निघाला की त्यांना 'अर्थात' म्हणण्याची सवय आहे. "अभ्यास पूर्ण होईपर्यंत तुम्हाला कोणी हलवणार नाही. ठराव लिहा."

लेखकाने ठराव लिहिला. सर्वांच्या सह्या झाल्या.

"कधी होते पूर्ण?" सुखदाने विचारले.

हा प्रश्न आमच्यापैकी कोणाच्याही मनात कधी आला नव्हता. आमच्या मंडळाने आजवर जे जे अभ्यास हाती घेतले, त्यातला एकही पूर्ण झाल्याची नोंद नाही. भविष्यातही तसे होण्याची चिन्हे नाहीत. धनेशने खिशातून दोन स्क्रू काढले आणि तो उठला. सर्वसाधारण सभेची आठवण करून द्यावी असे रत्नाकररावांना वाटले, पण तोवर मागून ड्रिलचा आवाज येऊ लागला होता, आणि त्या आवाजात मुद्दा मांडता येत नाही.

एक व्यावहारिक अडचण उरली. दोघांच्या संसाराला जागा हवी, तर आरास हलवावी लागणार. एवढे मोठे थर्माकोलचे मंदिर, हिमालय, उंदीर. कुठे ठेवणार? हा प्रश्न बैठकीत मांडताना लेखकाचा आवाज कापत होता.

काही कापायचे कारण नव्हते. शब्द संपायच्या आत हात वर झाले. विष्णुपंत म्हणाले, वेदांगची खोली रिकामीच आहे, तो काही येत नाही. रत्नाकरराव म्हणाले, वेळापत्रके काय, रद्दीत जातील. गीतांजलीबाई म्हणाल्या, देवाच्या मंदिराला कसला वास्तुदोष? दोन सभासदांमध्ये तर उंदीर कोणी न्यायचा यावरून जुंपली, आणि कूलर तूर्त अंगणात काढायचे ठरले. थर्माकोलचे मंदिर त्याच रात्री वाजतगाजत विष्णुपंतांच्या माडीवर गेले. उंबऱ्यावर त्याला ओवाळले. त्याने खोलीत पाऊल ठेवले तेव्हा उजेड घरभर झाला, असे विष्णुपंत सांगतात.

भागीदारीचे काम जोमात सुरू आहे. ठरावाप्रमाणे अभ्यास पूर्ण झालेला नाही. गेल्या आठवड्यात आणखी एक जण सुटून आला आहे. तो तिलवाऱ्याच्या त्याच बाकावर झोपतो. त्याचीही आधाररेषा अतिशय स्वच्छ आहे. धनेशने आपल्या अंगावरच्या शालींपैकी एक त्याला नेऊन दिली. ती मोजमापात धरलेली नाही.

राहता राहिले वाचक. गढ्यातल्या आमच्या खोल्या मोजत तुम्ही इथवर आलात, त्याबद्दल भागीदारी ऋणी आहे. हे वाचताना तुम्हाला तुमच्या घरातलीही एक खोली आठवली असेल. ती, जिचा दिवा महिनोन्‌महिने लागत नाही. आणि तिच्या पाठोपाठ, तितक्याच चपळाईने, ती का देता येणार नाही याचे कारणही आठवले असेल. ते कारण आम्हाला अवश्य कळवा. संशोधनाला त्याची नितांत गरज आहे.

खोली राहू द्या.